फाल्गुनातला बहावा

"पळस काय आपल्या नाल्याकाठी नाही? तिथवर जाऊन अजून काय बघायचं असतं, देव जाणे."

कुमुदताई हे डिकीत डोकं घालून पुटपुटल्या. त्यांच्याशेजारी, पुरणपोळ्यांचा डबा आणि पाण्याची कॅन यांच्यामध्ये, माझंही डोकं डिकीतच होतं, म्हणून मला ऐकू आलं. डोकं बाहेर काढलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा हळदीकुंकवाला निघालेल्या बाईसारखा प्रसन्न झाला होता. "चला बाप्पा लवकर," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ऊन चढलं की फुलं सुकून जातात."

कुमुदताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ. त्यांचे यजमान, माझे भासरे यशवंतभाऊजी, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोरची काच पुसत होते. आतून. बाहेरून ती त्यांनी आधीच दोनदा पुसली होती आणि तरी त्यांचं समाधान होत नव्हतं.

होळी झाली की पुढच्या रविवारी मेळघाट, हा आमच्या घरचा नेम. भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. उमेदीची वर्षं त्यांनी धारणी-सेमाडोहच्या बाजूला काढली, आणि बदली होऊन अमरावतीला आल्यावर, पुढं रिटायर झाल्यावरही, दर फाल्गुनात एकदा तिकडचं जंगल बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पळस, काटेसावर, सोनसावर, आणि नशिबात असेल तर गवा किंवा अस्वल. गाडी त्यांची, चालवणार ते, पुढं कुमुदताई, मागं आम्ही नवराबायको. कुणाची जागा कधी बदलली नाही.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण झाडं-पाखरं म्हणाल तर ती मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर शिकले. भाऊजी स्टिअरिंगवरचा एक हात काढून दाखवायचे, नाव सांगायचे, परतीच्या वाटेवर तेच झाड आलं की परीक्षा घ्यायचे. चुकलं की चिडवायचे. एकदा सोनसावरीची पिवळी फुलं बघून मी "बहावा" म्हटलं, तर ते मला पुढं कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. "शैला, बहावा मोठा माणूस आहे. चैत्र सरल्याशिवाय तोंड दाखवत नाही. फाल्गुनात बहावा बघितलेली तू एकटीच."

गाडी चालवायलाही मी अशीच स्वतःच्या बळावर शिकले. घरी भिशीला जाते म्हणून सांगायचं आणि क्लासच्या खटाऱ्या गाडीत बसून दस्तूरनगरच्या रस्त्यावर क्लच सोडायचा. लायसन्स हातात आलं तेव्हाच घरात सांगितलं. भाऊजींनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले, माझं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यांच्या गाडीला मात्र बोट लावू दिलं नाही. आमच्या ह्यांना गाडी येत नाही. शिकायला गेले होते, पण कुणाच्या तरी परसातली पपई पाडून परत आले.

हे सगळं सांगायचं कारण, त्या वर्षी निघण्याच्या आदल्या आठवड्यात मला मृणालचा फोन आला होता. मृणाल भाऊजींची एकुलती एक लेक, हैदराबादला असते. संक्रांतीला येऊन गेली तेव्हा तिच्यादेखत भाऊजींनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती आणि वर म्हणाले होते, हा खांब गवंड्यानं वाकडाच घातलाय.

"काकू, घाटात तू चालव," ती म्हणाली. "पण मी सांगितलं असं बाबांना सांगू नको."

"मग काय सांगू?"

"काहीपण सांग. त्यांच्या डोळ्यांचं तेवढं काढू नको. मी काढलं होतं, तर जेवले नाहीत."

तर असं काम अंगावर घेऊन मी त्या सकाळी मागच्या सीटवर बसले होते. आमच्यापैकी प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं आणि प्रत्येकानं ते आपापल्या पदराखाली झाकून आणलं होतं. ह्यांना मी रात्रीच विचारलं होतं, तुम्ही का नाही बोलत? सख्खे भाऊ ना? तर म्हणाले, "त्यानं मला सायकल शिकवली. सीट धरून मागं पळायचा. त्याला मी कसं सांगू की हँडल सोड?" आणि कूस बदलून झोपले.

गाव सुटायच्या आतच मी पहिला खडा टाकून पाहिला. भाऊजी, माझा हात आखडलाय हो सवय नसल्यानं, जरा मोकळ्या रस्त्यावर घेऊ का? ते म्हणाले, कुठं आखडलाय, पोळ्या तूच लाटल्यास ना? सगळे हसले. थोड्या वेळानं मी म्हटलं, मागं बसून मळमळतं, चालवणाऱ्याला म्हणे मळमळत नाही. त्यांनी ताईंकडून मला आवळासुपारी देवविली. मग मी ह्यांना कोपरानं ढोसलं. हे खाकरले, पुढं सरकले, त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा, ॲव्हरेज किती देते आजकाल?"

मी आपली पायाखालची चटई दाबत बसले. तिथं ब्रेक नव्हता, पण पाय ऐकत नव्हता.

भाऊजींचं बघणं बदललं होतं. पूर्वी ते माणसाकडं सरळ बघत. आता मान थोडी तिरकी करून, दाणा टिपायच्या आधी कोंबडी बघते तसं, डोळ्याच्या कडेनं बघत. आरशात माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी लागायची. पण गाडी नीट चालली होती, हे मान्य करायला हवं. वळणं, खड्डे, सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. पाठ नव्हतं ते फक्त रस्त्यावर त्या दिवशी येणारं.

आणि कुमुदताई फुलं दाखवत होत्या.

"अहो, डावीकडं सावर बघा किती लाल झाली." भाऊजींनी गाडी हळू केली, जरा उजवीकडून घेतली. आम्ही पऱ्हाट्यांनी भरलेल्या एका ट्रॅक्टरच्या बाजूनं पुढं गेलो. "उजवीकडं पळस." गाडी हळू, एक बैलगाडी मागं पडली. मला हसू येत होतं. डिकीत डोकं घालून कुरकुरणारी हीच बाई नवऱ्याच्या हौसेसाठी किती जीव टाकते, असं वाटलं. थोडा हेवाही वाटला. आमच्याकडं ॲव्हरेज.

परतवाड्याच्या अलीकडं संत्र्याच्या बागा लागतात. तिथं एका सरळ रस्त्यावर ताई एकदम म्हणाल्या, "अहो, डावीकडं बहावा!"

मी डावीकडं बघितलं. बहावा नव्हता. बहावा असणंच शक्य नव्हतं, फाल्गुन होता. डांबराच्या कडेनं शेळ्यांचा मोठा कळप चालला होता आणि त्यांच्यामागं डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई.

मी वाट बघितली. आता भाऊजी ताईंना धरणार. इतकी वर्षं मला ऐकवलं, आता त्यांची पाळी. मी हसायच्या तयारीत पुढं सरकलेसुद्धा.

भाऊजींनी गाडी हळू केली, उजवीकडून घेतली, शेळ्या मागं पडल्या.

"बघितला," ते म्हणाले. "छान फुललाय."

माझ्या तोंडातली आवळासुपारी कडू झाली. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खिडकीतून बाहेर, अगदी मन लावून, काहीच नसलेल्या एका शेताकडं बघत होते.

म्हणजे ताई फुलं दाखवतच नव्हत्या, आणि भाऊजींना ती आहेत असं वाटतही नव्हतं. दोघांचंही हे ठरलेलं होतं. बोलून ठरलेलं नव्हे. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली माणसं जशी न बोलता ठरवतात, कुणी कुठल्या कुशीवर झोपायचं, तसं.

परतवाड्याला चहा झाला. पुढं घाट. मी चहाचा कप हातात धरून गाडीच्या दाराशी, ड्रायव्हरच्या बाजूला, जाऊन उभी राहिले. वाटलं, अशीच आत बसले तर काय करतील, हाताला धरून थोडेच उठवतील? भाऊजी आले, किल्ली बोटाभोवती फिरवत. "शैला, चुकीच्या दारात उभी आहेस," म्हणाले. आवाजात हसू होतं, पण किल्ली फिरायची थांबली होती. मी बाजूला झाले. मागं जाऊन बसले.

घाटात ताईंचा आवाज सुरूच होता. सावर, पळस, पळस, सावर. मधे एकदा त्यांनी चाफासुद्धा काढला. समोरून एसटी येत होती. आता मला सगळं ऐकू यायला लागलं होतं, आणि ऐकू यायला लागल्यावर बसवेना. मी दर वळणाला त्यांच्या आधी रस्ता बघायची, मनातल्या मनात म्हणायची, सांगा, ताई, सांगा, आणि त्या सांगायच्या. खरे पळस दोन्ही बाजूंना पेटले होते. त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

घटांग मागं पडल्यावर एका वळणाआधी ताईंच्या पर्समधला फोन वाजला. घाटात रेंज अशी येते आणि जाते, त्यामुळं आली की माणूस धावतो. "मृणाल असंल," त्या म्हणाल्या आणि पर्समध्ये वाकल्या.

होळीनंतरचे काही दिवस तिकडं फगवा मागतात. कोरकू बाया हातात हात गुंफून रस्त्यावर आडव्या उभ्या राहतात, गाणं म्हणत नाचतात, गाडी थांबवतात, आणि फगवा दिल्याशिवाय सोडत नाहीत. भाऊजींना ह्याची फार मजा वाटायची. ते मुद्दाम त्यासाठी सुट्टे घेऊन यायचे, खाली उतरून दोन पावलं नाचायचे. वळण घेतलं तर समोर तीच साखळी उभी होती. लाल, पिवळी, पोपटी लुगडी, रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. गाणं ऐकू येत नव्हतं, कारण काचा वर होत्या. धूळ नको म्हणून मीच करायला लावल्या होत्या.

गाडी हळू झाली नाही.

ताई वाकलेल्या होत्या. हे परतवाड्याला घेतलेल्या शेंगा सोलत होते. तेवढ्या वेळात थांबा म्हणायचं, ब्रेक म्हणायचं, बायका आहेत म्हणायचं. मी त्यातलं काहीच म्हटलं नाही. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"पळस! भाऊजी, समोर पळस!"

त्यांनी ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढं फेकले गेलो, शेंगा सगळीकडं उडाल्या. साखळी तुटली होती, बाया दोन्ही बाजूंना पांगल्या होत्या. एक म्हातारी तेवढी जागची हलली नव्हती. गाडीचं नाक तिच्या लुगड्याला लागायचं बाकी होतं.

तिनं बॉनेटवर तळहातानं एक थाप मारली.

भाऊजींनी काच खाली केली. आवाज अगदी मजेतला. त्यांच्या त्या जुन्या, अर्ध्या कोरकू अर्ध्या हिंदी बोलीत ते म्हणाले, काय, घाबरवलं की नाही? म्हातारीनं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं आणि हसली. मग बाकीच्या हसल्या. गाणं परत सुरू झालं. म्हातारीनं खिडकीतून हात घालून भाऊजींच्या गालांना गुलाल फासला, त्यांनी मूठभर सुट्टे तिच्या ओंजळीत टाकले.

सगळ्या हसल्या असं मी म्हटलं, पण एक नाही. कडेवर लेकरू घेतलेली एक तरुण बाई रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. तिनं लेकराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, मग परत पहिल्या कडेवर. ती गाडीकडं बघत होती. आम्ही निघालो तरी बघत होती.

"दादा, तू पण ना," हे म्हणाले आणि हसले. जरा जास्तच वेळ हसले. मीही हसले. फोन पुन्हा वाजला नाही.

सेमाडोहला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. दुपारच्या जिप्सीचं बुकिंग होतं. आम्ही मोहाच्या एका झाडाखाली सतरंजी टाकली, पुरणपोळ्या खाल्ल्या, भाऊजींनी मोहाचं एक फूल उचलून वास घेतला, मला दिलं. म्हणाले, अजून गोडी चढली नाही, आठवडाभर लागेल. हे अगदी बरोबर होतं. तेवढ्यानं मला रडू यायला लागलं, म्हणून मी डबे घेऊन नळावर गेले.

कुमुदताई मागून आल्या. डबा घासायला घेतला.

"बहावा आत्ता फुलत नाही, ताई," मी म्हटलं.

त्या राखेनं डबा घासत राहिल्या. "मला काय ठाऊक? मला पळस नि सावर, दोनच येतात. दोन फुलांत रस्ता सरत नाही."

"मग शेळ्या आल्या म्हणायचं."

"म्हणून बघितलं ना. पहिल्यांदा म्हैसच म्हटलं होतं मी. तर म्हणाले, मला दिसत नाही का? आणि अशी जोरात काढली गाडी, की माझा जीव राहिला नाही. फूल म्हटलं की हळू करतात. चिडत नाहीत."

मग त्यांनी एकेक सांगितलं, डब्याकडं बघत. शुगरनं डोळ्यांचा पडदा गेलाय. मधलाच भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं. ऑपरेशननं परत येणार नाही, आहे तेवढं राहिलं तरी पुष्कळ. गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खोलीत तिघंच होते, डॉक्टर आणि ही दोघं. "बाहेर आलो तर म्हणाले, समोर रसवंती आहे, रस घेऊ. मी घेतला. रस झाल्यावर ते गाडीत बसले. मग मीही बसले. काय करणार होते? एकटं कसं जाऊ द्यायचं? चौकात म्हैस आडवी आली, तिथून सुरू झालं हे."

"आणि मृणालला?"

"तिलाही खांबच वाकडा म्हणून सांगितलं."

त्यांनी डबा पालथा ठेवला. आम्हा दोघींच्या मधे नळ वाहत होता आणि कुणी बंद करत नव्हतं.

"तू मागून पळस म्हणालीस," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला आधी हायसं वाटलं. मग धडकीच भरली. आता ते म्हणतील, एक डोळा चुकला तर दुसरा आहे. मीच त्यांना गाडीत बसवून राहिले, शैला. मी पहिल्याच दिवशी गप्प बसले असते तर ते चौकाच्या पुढं गेले नसते."

"आपण सांगू त्यांना," मी म्हटलं.

"कोण?"

मग त्यांनी नळ बंद केला आणि पदराला हात पुसत विचारलं, "ती लेकरू घेतलेली बघितलीस?"

"हो."

"ती हसली नाही," ताई म्हणाल्या.

जिप्सीत बसल्यावर मला जरा मोकळा श्वास घेता आला. चालवणारा दुसरा होता. कासदेकर नावाचे पोक्त गाईड होते, ते पुढं उभे. भाऊजी आमच्या मध्ये. आणि कुमुदताई बसल्या बसल्याच झोपल्या. त्या खडखडणाऱ्या उघड्या गाडीत, दांड्याला डोकं टेकून, तोंड उघडं, धूळ उडतेय तरी. दोन्ही बाजूंना सोनसावर अशी फुलली होती की बघत राहावं, एकही पान नाही, नुसतं पिवळं. त्यांनी एक फूल बघितलं नाही. सकाळपासून राबलेली बाई दुपारी पडते तशा त्या पडल्या होत्या. मी त्यांच्या डोक्याखाली माझी ओढणी घडी करून ठेवली.

ऊन कलल्यावर एका नाल्याच्या अलीकडं कासदेकरांनी हात वर केला. गाडी थांबली. मोहाच्या झाडाखाली अस्वल होतं. मान खाली घालून फुलं हुंगत, ओढत, फुरफुर आवाज करत. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. हे चक्क उभे राहिले. भाऊजी भलत्याच बाजूला, एका वठलेल्या झाडाकडं, तोंड करून हसत होते.

"साहेब, इकडं," कासदेकर हळूच म्हणाले.

"हो, हो," भाऊजी वळले. "केवढं आहे. पिल्लू बरोबर आहे का हो?"

"आहे ना. पाठीवर बसलंय."

"तेच म्हटलं," भाऊजी म्हणाले. "पाठीवर बसलंय."

अस्वल बघावं की त्यांना बघावं, मला कळेना. किती सफाईनं विचारत होते ते. आधी प्रश्न टाकायचा, उत्तर आलं की ते आपलं म्हणून परत द्यायचं. मागच्या वर्षीही त्यांनी असंच विचारलं होतं का? गव्यांना शिंगं कशी फुटलीत, असं? आणि मी परीक्षा घेताहेत समजून आनंदानं उत्तरं दिली होती?

त्यांच्या गालांवरचा गुलाल घामानं ओघळला होता. मी रुमाल पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. मी तो हलवला नाही, नुसता समोर धरला होता, म्हणून. मग मी तो त्यांच्या हातात ठेवला.

गेटवर परत आलो तेव्हा ऊन झाडांच्या बुंध्यांना लागलं होतं. दिवे लागायच्या आत घाट उतरायला हवा, असं भाऊजीच म्हणाले. ताई जाग्या झाल्या होत्या, चेहऱ्यावर दांड्याचा वळ उठला होता. मी ह्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आता तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते. हे म्हणाले, बोलतो, गाडीत बसल्यावर बोलतो. बसल्यावर बोलून काय उपयोग, असं मी म्हणेपर्यंत भाऊजी बसलेसुद्धा होते. किल्ली लावलेली होती. मला पुन्हा त्या दारात जाऊन उभं राहायचं होतं, पण सकाळी थांबलेली ती किल्ली मला आठवली आणि पाय उचलला नाही. मी मागं बसले. हे बसले.

कुमुदताई बाहेरच उभ्या होत्या. गाडीचं दार धरून, आत न बसता. भाऊजींनी एकदा हाक मारली. मग त्या बसल्या. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन लावली, वर दोन्ही हात ठेवले.

गाडी सुरू झाली. भाऊजींनी गियर टाकला आणि पाय क्लचवर ठेवून थांबले. इंजिन घुरघुरत होतं. ते कशाची वाट बघत होते ते गाडीत चौघांनाही माहीत होतं.

ताई काही बोलल्या नाहीत.

"कुमुद," भाऊजी म्हणाले. अगदी सहज, हसऱ्या आवाजात. "झोप झाली ना? चल, सांग. काय काय फुललंय?"

हे पुढं सरकले, खाकरले. मी त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की ते परत मागं टेकले.

"सकाळपासून मीच सांगून राहिले," ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भांडताना त्यांचा आवाज चढतो, तसा नव्हता. "आता तुम्ही सांगा. समोर काय फुललंय?"

समोर, गाडीच्या नाकापुढं, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढ्याच अंतरावर, पळस होता. पानाचा पत्ता नाही. कलत्या उन्हात तो इतका शेंदरी दिसत होता की मागच्या सीटवर माझ्या हातावर त्याचा रंग पडलाय असं वाटत होतं. आणि अख्खं झाड पळसमैनांनी भरलं होतं. झोपायच्या आधी त्या भांडतात तशा भांडत होत्या, कलकलाट चालला होता, एकेक फूल खाली टपकत होतं.

भाऊजींनी मान तिरकी केली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग सरळ बघितलं.

मला माहीत होतं ते उत्तर देऊ शकतात. तो कलकलाट त्यांनीच मला शिकवला होता, ह्याच रस्त्यावर, काचा खाली करून. पळसमैना बोलल्या की डोळे मिटून सांगावं, जवळ पळस आहे. डोळे मिटूनसुद्धा, असं म्हणायचे. एक शब्द टाकला की झालं. ताईंना हार मानावी लागली असती, आम्ही सगळे हसलो असतो, गाडी हलली असती.

मला कळत नव्हतं मला काय हवंय. त्यांनी बरोबर सांगावं असंही वाटत होतं. खरंच वाटत होतं.

त्यांनी काच खाली केली. कलकलाट गाडीत शिरला. ते ऐकत राहिले, बराच वेळ, जसं कुणी ओळखीच्या घराबाहेर उभं राहून आतलं बोलणं ऐकतं. मग त्यांनी गियर काढला. किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, पाखरांचा आवाज एकदम मोठा झाला.

मागं वळून न बघता त्यांनी खांद्यावरून हात मागं केला. किल्ली होती हातात. मी ती घेतली. गरम होती.

"मैना बोलताहेत," ते म्हणाले. "म्हणजे पळस असणार."

ताईंनी मान हलवली. ती त्यांना दिसली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "हो. पळसच आहे."

"मला दिसत नाही, कुमुद," भाऊजी म्हणाले.